सातवी रेघ

८ जानेवारी, बुधवार

विभागात आजपासून संशोधन व्याख्यानं सुरू झाली. महिन्यातून दोनदा, बुधवारी, बाहेरचं कोणीतरी येऊन आपण काय शोधतोय ते आम्हा पोरांना सांगणार. हजेरी लागत नाही असं सरांच्या तोंडून निघालं आणि निम्मा वर्ग बसस्टँडच्या रस्त्याला लागला. मी पहिल्या बाकावर. कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आले, पण संशोधन करणारं माणूस मी आजवर जिवंत पाहिलं नव्हतं.

आलेला माणूस तिशीचा, पायात चपला. मला वाटलं प्रोजेक्टर दुरुस्त करायला आलाय. तो म्हणाला, तुमच्या फोनला हलणं कळतं, फोन आडवा केला की पडदा आडवा होतो तो त्यामुळंच. मग तोच फोन भिंतीला चिकटवला तर भिंत हललेली त्याला कळणार नाही का? लोकांचे टाकून दिलेले फोन गोळा करून त्यानं एका पुलाचं हलणं मोजलं होतं. पडद्यावर ट्रक गेला की रेघ उडायची.

लिहिता लिहिता माझा हात थांबला. आमच्या गावाखाली जमीन गुरगुरते. महिन्यातून एखाददोनदा, खालून कोणी रिकामा पिंप लोटत नेल्यासारखा आवाज येतो, पत्रे थरथरतात, भांडी वाजतात. साहेब लोक येऊन गेले, माहिती घेऊन गेले, पत्र्यावरचे दगड काढा म्हणून सांगून गेले. दगड कोणी काढले नाहीत, कारण वाऱ्याला पत्रा उडतो तो साहेबांचा नसतो. आवाज झाला की सगळं गाव तव्यावरची भाकरी तशीच टाकून मारुतीच्या पारावर. किती वेळ बसायचं ते कोणालाच माहीत नसतं. शेवटी कंटाळून कोणीतरी आधी उठतं, मग त्याच्यामागं सगळे उठतात. बारावीच्या गणिताचा अभ्यास मी त्या पारावर, शेळ्यांच्या मधोमध बसून केलाय. हसूही येतं आणि चीडही येते.

फोननं मोजून सांगितलं की हा किरकोळ होता, जा आत, तर?

प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आधीच उठावं लागलं. कॉलेजहून बसनं औंढा गाठायचं, आणि तिथून आमच्या गावाला येणारी शेवटची काळी-पिवळी जीप भरली की निघते, ती कोणाच्या प्रश्नोत्तरांसाठी थांबत नाही. माझ्या वर्गातला धम्मदीप थांबला. तो हिंगोलीचाच, घर कॉलेजच्या मागं, आणि प्रश्नोत्तरांनंतर चहा-बिस्किटं होती.

१२ जानेवारी, रविवार

सात फोन जमले. काच फुटलेले, बटण गेलेले, एकाला तर लेकरांनी चावलेलं. शाळा, देऊळ, दूध डेअरी, ग्रामपंचायत, उकंडरावांचं किराणा दुकान, आमचं घर आणि मोठीमायची मागची भिंत. फोन उभा धरायचा, तपकिरी चिकटपट्टीनं भिंतीला गच्च बांधायचा, चार्जर जोडायचा. बाबा मागं मागं फिरत होते. "भितीला फोन चिकटवून काय होते?" म्हणाले. मी म्हटलं, बघाच तुम्ही. उकंडराव बाबांना म्हणाले, "ग्यानबा, पोरगी शिकायला धाडली का येडी व्हायला?" त्यांना मी उत्तर दिलं नाही. त्यांना उत्तर कामातूनच मिळेल.

मोठीमाय म्हणजे बाबांची थोरली भावजय, कमलबाई. मोठे बाबा गेल्यापासून एकटी राहते, तिचा संतोषदादा पुण्याला कंपनीत आहे. माय शेतात जायची तेव्हा मी तिच्याच घरी वाढले, तिच्याच ताटात जेवले. दगडमातीचं घर, वर पत्रा, पत्र्यावर दगड. मागच्या भिंतीला लागूनच आमच्या भावकीची हळद शिजवायची जागा आहे.

"ह्ये मला बघून राहिलंय का गं?" तिनं फोनकडं पाहून विचारलं आणि पदर सारखा केला.

"तुला न्हाई मोठीमाय, भितीला बघतंय."

"भितीत काय ठिवलंय बघण्यासारखं! शिवे, लय शिकलीस तू."

२२ जानेवारी, बुधवार

आजचं व्याख्यान माझ्यासाठीच ठेवलं होतं जणू. पुण्याहून एक बाई आल्या होत्या. सुती साडी, आवाज बारीक, पण एक वाक्य वाया गेलं नाही. विषय होता गोंगाटातून खरी खूण कशी वेचायची. मी बारा पानं लिहिली. सार असं:

यंत्र कधी गप्प बसत नाही. उन्हानं, वयानं, बॅटरीनं त्याची रेघ हळूहळू एका बाजूला सरकत राहते. बाई त्याला ड्रिफ्ट म्हणाल्या, मी वहीत सरकण लिहिलं. हलणं मोजायचं तर आधी ही सरकण काढायची, रेघ पुन्हा शून्यावर आणायची. आणि यंत्रं बरीच असतील तर बहुमत घ्यायचं. एखादं सगळ्यांपेक्षा वेगळंच बोलत असेल तर ते बाजूला ठेवायचं.

किती सोपं! घरी मी महिनाभर डोकं फोडलं असतं ते बाईंनी तासाभरात हातावर ठेवलं. टाळ्या वाजल्या तशी मी दप्तर उचललं. दारातून निघताना मागं कोणीतरी उभं राहून "पण मॅडम" म्हणालं, तेवढ्यात दार बंद झालं. जीप मिळाली. टपाच्या खाली, दोन पोत्यांच्या मध्ये, पण मिळाली.

२३ जानेवारी, गुरुवार

धम्मदीप कँटीनमध्ये म्हणाला, "काल बाईंना एकानं भारी प्रश्न इचारला. त्या म्हणल्या, मला माहीत न्हाई."

मी हसले. पुण्याहून एवढ्या लांब माहीत नाही म्हणायला आल्या का?

"तसं न्हाई गं. त्याच्या आधी कायतरी लय चांगलं बोलल्या, तुझ्या त्या सरकणाऱ्या रेघेवर. रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलंय, शेवटचं तेवढं ऐक."

"तूच सांग ना काय बोलल्या."

"मला कुठं ध्यानात राहतंय. बिस्किटं येऊन राहिली होती."

असला हा माझा विद्वान मित्र. रेकॉर्डिंग गावात उघडत नाही, चाक फिरत राहतं. बाईंची पडद्यावरची चित्रं आली आहेत, ती पुरेत. प्रश्न विचारणारे निम्मे तर आपण हुशार आहोत हे दाखवायलाच उठतात.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रोग्राम चालला! फोनांचे आकडे हलके, गावच्या कमजोर नेटवरूनही येतात. सातही रेघा एका पडद्यावर, एकाखाली एक. शाळेत घंटा झाली की शाळेची रेघ थरथरते, उकंडरावांनी शटर ओढलं की त्यांची. मायला दाखवलं. ती म्हणाली, "व्हय, पण सैपाकाचं काय?"

एकच कटकट. मोठीमायची रेघ वर चढते. बाकीच्या सहा आडव्या आणि ही चढावर लागलेली. जाऊन पाहिलं तर फोन किंचित कललेला. तिनं झाडताना धक्का दिला असणार. मी जरा चढ्या आवाजात बोलले.

"नागनाथाची आण, हात लावला न्हाई," ती म्हणाली. "मी तर त्याच्याकडं पाठ करून बसते. लाज वाटते मला त्याची."

फोन सरळ करून नवी पट्टी मारली. भावकीची हळद शिजायला लागली आहे, तिचा मोठा वाफेचा कुकर रोज पेटतो. भिंत तापते, पट्टी सुटते, दुसरं काय. कुकरचं पाणी तिच्या भिंतीच्या बुडाशी सोडलंय, तिथं नुसता राडा झालाय. माझा पाय घसरला आणि नवी सलवार पिवळी झाली. हळदीचा डाग निघत नाही. शिवशंकर दात काढत होता. भाऊ म्हणून देवानं दिलाय, नाहीतर त्याच राड्यात लोटला असता.

९ फेब्रुवारी, रविवार

आज दुपारी आवाज झाला. गाव पारावर. मी लॅपटॉप घेऊन पळाले. रेघा उडाल्या होत्या पण अगदी थोड्या, उकंडरावांच्या शटरपेक्षाही कमी. मी पारावर उभी राहून सांगितलं, किरकोळ आहे, घरी जा.

कोणी हललं नाही. मग मोठीमाय गुडघ्यावर हात देऊन उठली. "माझी शिवी खोटं कशाला सांगंल?" म्हणाली आणि चालायला लागली. तिच्यामागं माय, मायच्या मागं सगळे. काही झालं नाही. संध्याकाळी उकंडराव स्वतः आमच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, "बराबर होतं बाप्पा तुझं."

आता ठरलंय. आवाज झाला की मी रेघा बघून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गोल टाकायचा. हिरवा म्हणजे आत जा, लाल म्हणजे बाहेर थांबा. आज झोप येणार नाही इतकं बरं वाटतंय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मोठीमायचं मागचं दार खालून घासतंय. ती सुताराला शिव्या देते, ओलं लाकूड दिलं म्हणून. दार बसवून सहा वर्षं झाली, आता कसलं ओलं? मोठ्या बाबांचा फोटो ती रोज सरळ करते आणि तो रोज वाकडा होतो. "त्येंचं जिवंतपणी बी असंच होतं," म्हणाली, "सांगितलेलं ऐकतच नव्हते." दोघी खूप हसलो.

तिची रेघ पुन्हा चढली आहे. फोन पुन्हा सरळ केला. या वेळी खिळा ठोकून पक्का केला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. औंढ्याला पाय ठेवायला जागा नाही, सगळ्या जीपा तिकडं. घरीच बसून काम केलं.

परवाच्या आवाजाला प्रोग्राम लाल म्हणाला होता आणि लोक उगाच तीन तास पारावर बसले. माय चिडली, दूध उतू गेलं होतं. शोधलं तर कारण मोठीमायचा फोन. बाकी सहांना किरकोळ वाटलं आणि हा एकटाच ओरडला. असं दोनदा झालं की कोणी गोल बघणार नाही. म्हणून आज दोन ओळी घातल्या. रोज सकाळी प्रत्येक रेघ आपोआप शून्यावर येईल. आणि जो फोन बाकीच्यांशी जुळणार नाही तो मोजणीतून वगळला जाईल. बाईंनी सांगितलं अगदी तसंच.

पडदा आता किती स्वच्छ दिसतो. सहा रेघा, आडव्या, शांत.

५ मार्च, बुधवार

आजच्या व्याख्यानातलं काही कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती. सुरू व्हायच्या आधी सरांनी बोलावून सांगितलं की १९ तारखेचं व्याख्यान विद्यार्थ्याचं असेल आणि ते मी द्यायचं. पुण्याच्या बाई मुद्दाम येणार आहेत. त्यांना काम पटलं तर उन्हाळाभर त्यांच्याकडं संशोधनाला जायला मिळेल. पुणे! मी जिन्यात एकटीच नाचले.

धम्मदीपला चित्रं दाखवली. तो म्हणाला, "सात फोन होते ना? सातवा काढला काहून?"

"तो एकटाच वेगळं बोलतो."

"माझ्यासारखा." मग जरा वेळानं म्हणाला, "रेकॉर्डिंग ऐकलंस का शेवटचं?"

मी म्हटलं, व्याख्यान झालं की ऐकते, आता वेळ कुठाय. त्याला वाईट वाटलं असावं. पण त्याला आहे का माझ्याइतकं काम?

१२ मार्च, बुधवार

हळद पॉलिश झाली. हळद घासायचा तो ड्रम फिरायचा तेव्हा मोठीमायची अख्खी भिंत बोलायची, म्हणून मला वाटायचं की तिच्या रेघेचा सगळा दोष ड्रमचा. ड्रम पुढच्या गावाला जाऊन चार दिवस झाले. कुकरही थंड आहे. तरी सहज म्हणून तिची कच्ची, शून्यावर न आणलेली रेघ उघडली तर चढतेच आहे, आधीपेक्षा घाईनं. बॅटरी फुगली असणार. व्याख्यान झालं की फोनच बदलून टाकते.

मोठीमायनं हळदीची पोती आत आणून मागच्या भिंतीला थप्पी लावली आहे. गेलं वर्षभर ती भीतीनं अंगणात बाजेवर झोपायची, थंडीतसुद्धा. आता आत झोपते. "तुझ्या गोलाच्या भरवशावर डोळा लागते बघ," म्हणाली. हे वाक्य व्याख्यानात शेवटी घेणार आहे.

१८ मार्च, मंगळवार

माय आज तीनदा विचारून गेली, भीती वाटते का. मला नाही, तिलाच वाटते.

मोठीमाय ओवाळायला आली. गुडघा धरलाय म्हणून हिंगोलीला येणार नाही, नाहीतर पहिल्या बाकावर बसली असती. जाताना म्हणाली, "माझ्या भितीचं बी सांग लोकायला."

मी हो म्हटलं. तिची भिंत चित्रांतून काढली आहे हे सांगून काय उपयोग.

१९ मार्च, बुधवार

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. निघताना मोठीमायकडं डोकावले. मागचं दार आता लागतच नाही, तिनं त्याला पोतं टेकवून ठेवलंय. सुताराला बोलवायचं बाबांना आठवण करून द्यायची आहे.

आज पहिल्यांदाच प्रश्नोत्तरांना थांबणार. बाबा मोटरसायकलवर न्यायला येणार आहेत, म्हणजे जीपची घाई नाही. खरं सांगायचं तर प्रश्नांची मी वाटच बघतेय.

३० मार्च, रविवार

आज पाडवा. गावात गुढी उभारली नाही.

लिहायला बसायची ही चौथी वेळ. जसं झालं तसं लिहिते.

सभागृह भरलं होतं. गावातून येणाऱ्या सहा रेघा मागच्या पडद्यावर चालू ठेवल्या होत्या, लोकांना बघायला. मी बोलत होते आणि निम्म्यात सगळ्यांची नजर माझ्यावरून माझ्या मागं गेली. वळून पाहिलं तर सहाही रेघा उडाल्या होत्या. त्याच क्षणी गावात जमीन वाजली होती. मला आनंद झाला. हे मी वहीत लिहितेय कारण दुसरीकडं कुठं सांगायची माझी हिंमत नाही. मला आनंद झाला, की आजच झालं, सगळ्यांच्या देखत झालं. मी म्हणाले, बघा, सहाही फोन सांगतात किरकोळ आहे. आणि फोन उचलून सगळ्यांसमोर ग्रुपवर हिरवा गोल टाकला. टाळ्या वाजल्या. सरांनी उठून वाजवल्या.

मग उरलेलं बोलले. शेवटी मोठीमायचं वाक्य म्हणाले, तुझ्या गोलाच्या भरवशावर डोळा लागतो. लोक हसले, प्रेमानं.

पहिला प्रश्न पुण्याच्या बाईंचा. "सुरुवातीच्या चित्रात सात फोन होते. पडद्यावर सहा रेघा आहेत. सातव्याची कच्ची रेघ दाखवता येईल?"

मी उघडली. इतक्या मोठ्या पडद्यावर मी ती कधी पाहिली नव्हती. जानेवारीपासून चढत आलेली. दोन ठिकाणी खाली आलेली, मी हातानं फोन सरळ केला तिथं, आणि तिथून पुन्हा चढलेली. शेवटी सरळ उभी वर गेलेली आणि मग एकदम खाली, तळाला आडवी. हलत नव्हती.

मी म्हणाले, "फोन पडला वाटतं."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "बाळ, घरी फोन लाव."

मी लावायच्या आत बाबांचा आला.

मायनं सांगितलं ते असं. आवाज झाला तसे सगळे पारावर आले. मोठीमायही काठी टेकत आली. बाकीचे घाबरले होते, ही नाही. "थांबा की गं, शिवीचा गोल येऊ द्या," म्हणाली. तिच्याकडं साधा फोन, म्हणून मायनंच वाचून दाखवलं, हिरवा आहे. "बघा, माझी लेक हिंगोलीहून सांगून राहिली," असं सगळ्यांना ऐकवलं आणि गुडघ्यावर हात देऊन सगळ्यांच्या आधी उठली. चुलीवर डाळ होती तिची. घरात गेली. माय अजून पारावर चपला शोधत होती तेव्हा मागची भिंत आत पडली. भिंत, पोती, पत्रा आणि पत्र्यावरचे दगड.

माणसांनी हातानं उपसलं. मी पोचले तेव्हा तिला काढून चादरीखाली ठेवलं होतं. हात बाहेर होता, हळदीनं पिवळा झालेला. मी तो धरून बसले. कोणीतरी मला उठवलं, कोणी ते आठवत नाही.

२ एप्रिल, बुधवार

मला कोणी काही बोलत नाही. उकंडरावांनीसुद्धा नाही. उलट माय सांगते की तू नसतीस तरी ती भिंत पडणारच होती, पाणी मुरलं होतं, जमीन हलत होती. असेल. पण मी नसते तर ती पारावर असती.

संतोषदादा दहाव्यानंतर पुण्याला निघाला. जीपपाशी म्हणाला, "दार घासून राहिलं म्हणून आई मला फोनवर सांगत होती. मी म्हणलं, तेल लाव. तू एकटीच न्हाईस शिवे." मला त्यानं रागवायला हवं होतं. ते सोसलं असतं.

बाईंचं पत्र सरांकडं आलंय, उन्हाळ्यात यावं म्हणून. मी उत्तर दिलेलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

आज धम्मदीपच्या घरी गेले. त्यानं कॉम्प्युटर उघडून दिला आणि बाहेर जाऊन बसला. बावीस जानेवारीचं रेकॉर्डिंग शेवटापासून मागं आणलं.

टाळ्या वाजतात. पडद्याच्या कोपऱ्यात एक मुलगी दप्तर उचलून दाराकडं जाते. ती मी.

"पण मॅडम," असं एक मुलगा विचारतो, "ड्रिफ्ट म्हणून काढून टाकलेली रेघच खरी असली तर?"

बाई म्हणतात, फार चांगलं विचारलंत, हे मी बोलायला हवं होतं. तुमच्या मागच्या व्याख्यानातला भिंतीवरचा फोन घ्या, तो दोन गोष्टी सांगतो, हलणं आणि कलणं. हलणं लगेच दिसतं. कलणं फार हळू असतं, ते सरकणीसारखंच दिसतं, म्हणून आपण पुसून टाकतो. एक फोन वेगळं बोलत असेल तर त्याला वगळायच्या आधी तिथं जाऊन बघा. फोन नाही, भिंत बघा. दारं लागतात का ते बघा.

मुलगा विचारतो, किती कलली की भिंत पडते?

"मला माहीत नाही," बाई म्हणतात. "आणि ज्याला माहीत नाही त्यानं लोकांना आत जा म्हणू नये."

मग खुर्च्या सरकतात, बशा वाजतात. मी ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. धम्मदीपची आई चहा ठेवून गेली, तो गार झाला.

मी तिथं दोनदा गेले होते. फोन सरळ केला होता. खिळा ठोकला होता.

११ एप्रिल, शुक्रवार

आज दुपारी परत आवाज झाला. मोठा. आमच्या पडवीतला हंडा घरंगळत अंगणात आला. सगळे पळाले, मीही पळाले. फोन मी सगळे काढून आणले आहेत, ते गोणीत पडून आहेत. कुठंच रेघ नाही.

पारावर बसल्यावर माझा फोन वाजला. ग्रुपवर दूध डेअरीवाल्यानं विचारलं होतं, "शिवकन्या, गोल?" तो पाराच्या त्या टोकाला बसला होता. मान वर केली तर सगळे माझ्याकडंच बघत होते. इतकं होऊन. माय, बाबा, उकंडराव, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया. त्यांना अजून माझ्याकडून ऐकायचं होतं.

मी म्हणाले, बाहेरच थांबा.

"किती येळ?" बाबांनी विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

समोर गल्लीच्या तोंडाशी मोठीमायच्या घराचा उरलेला दरवाजा उभा होता, आता तो उघडाच असतो. ऊन उतरलं, म्हशी ओरडायला लागल्या, धारांची वेळ झाली आणि टळलीही. एरवी अशा वेळी कोणीतरी आधी उठायचं. आज कोणीच उठलं नाही.